आत्म्याचा गड व त्याची राखण

(ज्ञातिमंडळाच्या कोल्हापूर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



'कॅथॉलिक जीवनातील आध्यात्मिक संकटे व तारणाचा मार्ग' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आज्ञा मंडळाच्या कार्यवाहांनी केली, तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. सारा जन्म मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेला. ईश्वरज्ञानशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु ज्याच्या पायात काटा मोडला आहे, त्याला काट्याविषयी बोलण्याचा थोडाबहुत अधिकार पोहोचतो, या विचाराने उभे राहिलो आहोत.

या करवीर नगरीत आपण मूठभर. येथे 'मिशन' म्हटले की लोकांस १८५२ साली आलेल्या वाइल्डर साहेबांचे अमेरिकन मिशनच आठवते. आपले वाडवडील गोव्याकडून व सावंतवाडीकडून घाट चढून पोटासाठी वर आले आणि आपला धर्म जपमाळेसह ट्रंकेत घालून घेऊन आले. तो धर्म ट्रंकेतून बाहेर किती निघाला, हाच आजचा प्रश्न आहे.

संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे शिपाईगडी. १५२१ साली पाम्प्लोनाच्या किल्ल्याचे रक्षण करीत असता तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडल्या पडल्या प्रभूचे व संतांचे चरित्र वाचून त्यांचे अंतःकरण पालटले. पुढे १५४८ साली छापल्या गेलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात सैतानाच्या चालींचे वर्णन आहे, ते त्यांच्यातील शिपायानेच केले आहे असे आम्हांस वाटते. ते सांगतात की सैतान हा वेढा घालणाऱ्या सेनापतीसारखा आहे. तो गडाभोवती फिरून पाहतो आणि तट जेथे दुबळा तेथेच हल्ला करतो.

आपण तर पन्हाळ्याच्या पायथ्याशी राहणारे. १६७३ साली कोंडाजी फर्जंदांनी अवघ्या साठ माणसांनिशी रात्री कडा चढून तो बळकट गड घेतला, हे शाळेतले पोरही सांगेल. त्यांचे काम स्वराज्याचे, पुण्याचे; सैतानाशी त्यांची तुलना करण्याचे पातक आम्ही करणार नाही. दृष्टांत घ्यावयाचा तो गाफील गडकऱ्यापुरता.

याच संतांच्या येशू संघातील फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. १५७९ साली ते गोव्यास आले व साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले. १६१६ साली रायतूर येथे छापलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. लिपी रोमन, पण भाषा अस्सल मराठी. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. चारशे वर्षांपूर्वी एका परकी माणसाने तारणाची कथा आपल्या भाषेत ओवीबद्ध करावी आणि आपल्या घरांत तो ग्रंथ औषधालाही नसावा, ही खंत बोलून दाखविल्यावाचून राहवत नाही. असो.

गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध व आळस ही सात मूळ पापे आपण लहानपणी घोकली आहेत. विषय गंभीर, पुरती जाणीव आणि मनाची संमती, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणजे पाप प्राणघातक होते, हेही पाठ आहे. दारूविषयी फार बोलत नाही. बारशापासून मयतापर्यंत बाटलीवाचून आपला विधी पुरा होत नाही, आणि कोणत्या घरात त्यापायी काय झाले हे या सभागृहात प्रत्येकास ठाऊक आहे. ही संकटे दरवाजातून येणारी आहेत. तेथे पहारा नसला तरी निदान शत्रू ओळखू येतो. आम्हांस बोलावयाचे आहे ते कड्याच्या बाजूविषयी.

पहिला कडा ज्ञातीचा. मंडळाच्या व्यासपीठावरून हे बोलणे कित्येकांस रुचणार नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करविली. त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. मागे राहिलेल्या पोरांना हात देण्यासाठी घातलेली ती शिडी होती. आमचे मंडळही शिष्यवृत्तीसाठी व अडल्यानडल्या घरासाठी निघाले. परंतु मध्यंतरी एका दफनविधीस आम्ही गेलो होतो. मयत मनुष्य आपल्याच मंदिरात, आपल्याच बाकांवर तीस वर्षे बसलेला. कूळ मात्र पूर्वीच्या महारवाड्यातले. आपल्यापैकी आम्ही दोघेच होतो, आणि तेही शवपेटीपासून चार हात दूर उभे राहिलो. माती टाकण्यास कोणी पुढे बोलावील की काय, या धास्तीने आम्ही चष्मा पुसत राहिलो. ज्या वेदीवर तो व आम्ही एकच ख्रिस्तप्रसाद घेत होतो, तिचा हा अपमान नव्हे काय? पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००३ साली तामिळनाडूच्या बिशपांस जातिभेदाविरुद्ध स्पष्ट बजावले. २०१६ साली भारतातील कॅथॉलिक बिशपांच्या परिषदेने दलित ख्रिस्ती बांधवांविषयीचे धोरण जाहीर करून भेदभाव हे पाप असल्याचे सांगितले. पापनिवेदनाच्या वेळी आजवर कोणी हे पाप उच्चारले असेल काय? आम्ही तरी उच्चारले नव्हते.

आणि येथेच इग्नेशियस संतांची दुसरी खूण उपयोगी पडते. सैतान हा परक्याच्या लेकीसुनेस फशी पाडणाऱ्या लबाडासारखा आहे, असे ते म्हणतात. आपले बोलणे तिने बापाला वा नवऱ्याला सांगू नये, एवढेच त्याला हवे असते. गोष्ट उघड झाली की त्याचा डाव फसतो. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करण्याचा नियम घातला. पश्चात्ताप, निवेदन आणि भरपाई अशी त्याची अंगे. पहिली दोन आपण कशीबशी उरकतो. तिसऱ्याची बोळवण तीन 'नमो मरिया'वर करतो. जक्कय जकातदाराने मात्र ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देईन असे प्रभूस सांगितले होते.

आता आमचा काटा. आमचे मूळ घर सावंतवाडीकडे. वडील वारल्यावर धाकट्या बंधूंशी वाटणीवरून बिनसले आणि अकरा वर्षे बोलणे बंद होते. त्या अकरा वर्षांत आमचा एकही रविवार चुकला नाही. यज्ञवेदीकडे दान नेताना भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले तर दान तेथेच ठेवून आधी समेट कर, असे प्रभू सांगतो. हा उतारा आम्ही स्वतः मंदिरात वाचून दाखविला आहे, आणि तोही स्पष्ट उच्चारांत! आमची समजूत अशी की अन्याय आमच्यावर झाला, तेव्हा निवेदन करण्यासारखे आमच्याकडे काही नाही. वास्तविक वडिलांच्या हातची एक चिठ्ठी आमच्या पेटीत होती. विहिरीजवळचे तीन माड धाकट्यास द्यावेत, असे तीत लिहिले होते. ती आम्ही कोणास दाखविली नव्हती. फाडलीही नव्हती, हेच आम्ही आमचे प्रामाणिकपण समजत होतो.

गेल्या उपवासकाळात हे आम्ही प्रथमच धर्मगुरूंस सांगितले. त्यांनी उपदेश केला नाही. एवढेच विचारले, "गुरुजी, आंबोलीमार्गे एसटी किती वाजता सुटते?" पुढच्याच शनिवारी आम्ही गेलो. बंधू ओट्यावर सोलणीवर नारळ सोलीत होते. चिठ्ठी हातात दिली. त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "दादा, बाबांनी मला हे सांगितले होते. तू दाखवतोस का एवढेच पाहत होतो." मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी वहिनींनी जेवायला वाढले.

चौपट देण्याची आमची ऐपत नाही. पण तीन माडांच्या अकरा वर्षांच्या उत्पन्नाचा हिशेब मांडून आम्ही टपालाने पाठविला. बंधूंनी त्यातील बेरजेच्या दोन चुका तांबड्या शाईने दाखवून तो परत केला आहे. दुरुस्त करून मे महिन्यात आम्ही स्वतःच घेऊन जाणार आहोत.