उघड्यावरचे चित्रकार

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या साप्ताहिकांची चित्रं लाकडी ठोकळ्यांवरून छापली जात. बॉक्सवूडच्या घट्ट, गुळगुळीत ठोकळ्यावर आधी रेखाटन होई. मग कारागीर पांढरा राहायचा भाग कोरून काढी. उंच राहिलेल्या रेषांनाच शाई लागे, त्यामुळे चित्र आणि खिळ्यांचा मजकूर एकत्र छापता येई.

विन्स्लो होमर हे थोर चित्रकार अशाच कामातून पुढे आले. १८६९ साली ‘ॲपलटन्स जर्नल’मध्ये त्यांचं ‘द आर्टिस्ट इन द कंट्री’ हे चित्र आलं. त्यात चित्रकार मोठ्या छत्रीखाली बसून काम करतो आहे. ही छत्री शोभेची नव्हे. कागदावर थेट ऊन पडलं, तर रंगांचा अंदाज चुकतो. आदल्या वर्षीच्या तैलचित्रात होमर यांनी व्हाइट माउंटन्समध्ये रंगवत बसलेले तीन चित्रकार दाखवले आणि जवळच्या पिशवीवर स्वतःचं नाव लिहिलं.

१८४१ मध्ये जॉन रँड यांनी रंगाची धातूची ट्यूब आणली होती. तिच्यामुळे तैलरंग डोंगरावर नेणं सोपं झालं. निसर्गासमोर बसून पाहणं हीसुद्धा मेहनत आहे, हे या छापील चित्रांनी घरोघरच्या वाचकांना दाखवलं, आणि म्हणूनच ती आजही आवर्जून पाहावीत.