विहिरीकाठची गोष्ट
(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

कपटी काका, परागंदा राजपुत्र, लपलेलं नातं आणि शेवटी लग्न. ऐतिहासिक प्रेमकादंबरीचा हा मसाला इंग्रजीतून आला, असं आपण समजतो. पण अशी एक जुनी कथा आमच्या वाशीमशी जोडलेली आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेतल्या विंध्यशक्ती दुसऱ्याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं सोळावं लेणं त्याने कोरवलं. पाचव्या शतकाच्या अखेरीस हरिषेण गेला आणि हे वैभव बघता बघता कोसळलं. कसं, त्याबद्दल ताम्रपट गप्प आहेत.

नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा माग एका कथेत काढला. दंडीच्या ‘दशकुमारचरित’ या संस्कृत गद्यग्रंथातली विश्रुताची कथा ही त्याच ऱ्हासाची आठवण आहे, असं त्यांचं मत होतं.

विंध्याच्या रानात विश्रुताला विहिरीकाठी तहानलेला मुलगा भेटतो. त्याच्यासाठी पाणी काढताना म्हातारा सेवक नालीजंघ विहिरीत पडलेला असतो. विश्रुत त्याला वर काढतो आणि म्हातारा सगळं सांगतो. हा विदर्भाचा राजपुत्र भास्करवर्मा. चैनीत बुडालेला बाप अनंतवर्मा लढाईत मेला, राज्य अश्मकाच्या वसंतभानूने बळकावलं. राणी वसुंधरा मुलांना घेऊन माहिष्मतीला सावत्र दिराच्या आश्रयाला गेली. त्याची नियत फिरली, मुलाच्या जिवावर बेतलं, तेव्हा तिने मुलाला नालीजंघाच्या हवाली केलं. बोलता बोलता उलगडतं, की या मुलाच्या आईचे आणि विश्रुताच्या वडिलांचे आईकडचे आजोबा एकच!

पुढे मुलाला वाघाने खाल्ल्याची हूल उठवली जाते. राणी बचनागाच्या पाण्यात भिजवलेली माळ मारून दिराला संपवते. राजकन्या मंजुवादिनीचं विश्रुताशी लग्न होतं.

यातल्या दोन गोष्टी मला सोडत नाहीत. ज्याचा राज्यात कवडीचा वाटा नाही, त्या नालीजंघानेच वारसा जपला. आणि मंजुवादिनीला नवरा मिळाला, पण बापाच्या राज्यात तिचाही काही हक्क असेल, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

हे वाचताना मला आमच्या वावरातली विहीर आठवली. मी कॉलेजात होतो. आमचा म्हातारा सालदार विहिरीच्या थारोळ्यावर बसून एकदा सहज बोलून गेला, ‘बाबू, हे खालचं वावर तुह्या फुफीच्या वाट्याचं व्हय.’ फुफी म्हणजे माझी आत्या. आमच्या शरीअतमध्ये मुलीचा हिस्सा ठरलेला आहे. पण भावांशी बोलणं राहावं, माहेर तुटू नये, म्हणून तिने मुकाट्याने अंगठा दिला होता. घरात यावर कुणी कधी अवाक्षर काढलं नाही. मीही काढलं नाही. त्याच वावराच्या कपाशीवर मी बी.ए. झालो, पुढे मराठीत कविता लिहिल्या, आईवर, मातीवर. फुफीवर एक ओळ नाही.

फुफी आता नाही. गेल्या ईदला मी तिच्या मुलीकडे गेलो आणि सालदाराने सांगितलेलं तिला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘भाईजान, अम्मीने हे आम्हाला सांगितलं होतं. तुम्ही कधी बोलता, याची वाट पाहत होतो.’

म्हणजे गुपित फक्त आमच्याच घरात होतं.

दंडीची ही कथा शेवटाआधीच तुटते. राज्य परत मिळाल्याचा भाग पुढे दुसऱ्यांनी जोडला. आमच्या वावराची मोजणी अजून व्हायची आहे आणि माझे भाऊ माझ्यावर नाराज आहेत. पण एवढं खरं, की आमच्या गोष्टीचा शेवट आम्हालाच लिहायचा आहे. तुमच्याही घरात अशी एखादी विहीर असेल, तर म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांच्याजवळ जाऊन बसा.