एका एकरातली जोडणी



 तुळजाभवानीच्या आणि गोरोबाकाकांच्या धाराशिव जिल्ह्यातले पाणी बालाघाटाच्या डोंगररांगेमुळे दोन वाटांनी जाते: तेरणा-मांजरेतून गोदावरीला आणि सीनेतून भीमेमार्गे कृष्णेला. दोन खोऱ्यांना पाणी देणारा धाराशिव स्वतः मात्र पावसाची वाट पाहतो.

म्हणूनच इथली शेती सुटी सुटी पाहून चालत नाही. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली, की कडबा घटतो. कडबा घटला, की दावणीची जनावरे विकली जातात आणि शेणखत आटते. मग जमिनीचा कस जातो, पावसाचे पाणी मुरत नाही आणि दहा-पंधरा दिवसांची उघडीपही पिकाला सोसत नाही.

ही साखळी उलटीही फिरवता येते. १९९३च्या भूकंपानंतर या भागात काम करू लागलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेसोबत मराठवाड्यातील महिलांनी ते करून दाखवले. त्यांनी घरच्या रानातला अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात कडधान्ये, तृणधान्ये, भाजीपाला मिसळून लावला, घरचे बी राखले, सेंद्रिय खत घातले, जोडीला शेळ्या-कोंबड्या पाळल्या. नगदी पीक हातचे गेले तरी घरात डाळ-भाकरी राहील, हा त्यामागचा हिशेब. काय पेरायचे, हे बाईने ठरवायचे, ही त्यातली सर्वांत मोठी गोष्ट. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला.

दुसरीकडे, राज्य सरकारच्या ‘पोकरा’ या शेती प्रकल्पातून रुंद सरी वरंबा, शेततळी, ठिबक गावागावांत पोहोचले. पण वरंब्यावर सोयाबीनसोबत तूर हवी, काढणीनंतर धसकटे रानातच राहायला हवीत. शेळ्यांनी ती फस्त करू नयेत यासाठी बांधावर चाऱ्याची सोय आधी करावी लागते. एक काम दुसऱ्यावर असे अवलंबून असते; हीच शेतीची जोडणी.

उमरगा-लोहाऱ्याच्या काळ्या जमिनीची जोडणी भूम-वाशीच्या हलक्या माळाला जशीच्या तशी लागू पडणार नाही. तेव्हा या कार्यक्रमातल्या गटचर्चांत तालुकावार आराखडे व्हावेत, त्यांत पाणी, चारा, बियाणे आणि बाजार एकाच कागदावर यावेत आणि पहिली मांडणी शेतकरी महिलांनी करावी, अशी स्वागत समितीची आग्रहाची विनंती आहे.