मोहल्ल्याचा विश्वास, शहराची शांतता



पोलिसांनी प्रथम कशाकडे लक्ष द्यावे, हे केवळ ठाण्यात बसून ठरत नाही. भिवंडी या यंत्रमागांच्या शहराने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली सोसल्या. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तेथे मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील सामान्य रहिवासी पोलिसांसमवेत एकत्र बसू लागले. किरकोळ तंट्यांची व अफवांची वेळीच दखल घेतली जाऊ लागली. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. बंदोबस्ताने दंगल आटोक्यात येते; परस्परविश्वासाने ती टळते. म्हणून आपल्या नगरानेही अनर्थाची वाट न पाहता नळावरच्या भांडणापासूनच या कार्यास आरंभ करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.