मदत करणाऱ्यालाही सुट्टी हवी
(जालना येथे युवा कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



इथे बसलेल्यांपैकी बरेच जण आपापल्या मोहल्ल्यात 'फॉर्म भरून देणारे भाई' किंवा 'कागदपत्रांचं माहीत असलेली बाजी' म्हणून ओळखले जातात. शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, जातीचा दाखला, दवाखान्यासाठी रक्तदाता, सगळ्यासाठी फोन तुम्हालाच येतो. सकाळी सातला सुरू होतो, रात्री अकरानंतरही वाजतो. वर्ष-दोन वर्षं हे चालतं. मग एक दिवस तो भाई फोन उचलणंच बंद करतो, आणि त्याच्यासोबत मोहल्ल्याची सगळी माहितीही बंद होते. हे कसं टाळायचं, यावर मला बोलायचं आहे.

जालन्यात या विषयाला वेगळं वजन आहे. महाराष्ट्रातली मुस्लिम ओबीसी चळवळ उभी करणारे शब्बीर अन्सारी याच जालन्याचे. त्या चळवळीच्या रेट्यामुळे 1994 साली राज्य सरकारने मुस्लिमांमधल्या मागास जातींना ओबीसी सवलती मिळण्याची वाट मोकळी केली. पण शासन निर्णय एकदाच निघतो, दाखला मात्र प्रत्येक घराला वेगळा काढावा लागतो. ओबीसीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेले असतील तर प्रवेश-निर्गम उतारा. गेले नसतील तर जन्म-मृत्यूच्या नोंदी, महसुली कागद. मराठवाड्यात निजामाच्या काळातले कितीतरी कागद उर्दूत आहेत. ते वाचता येणारी मुलं आपल्याकडेच आहेत.

आता हा कागद शोधणारा माणूस कोण आहे, ते पाहा. तो एमआयडीसीतल्या सळईच्या कारखान्यात भट्टीजवळ उभा असतो, मोंढ्यात हमाली करतो, किंवा अंबड-घनसावंगीकडून ऊसतोडीला जातो. तहसील कार्यालय उघडं असतं ते त्याच्या कामाच्या वेळेत. म्हणजे एक चक्कर म्हणजे एक खाडा. "उतारा नाही आणला? उद्या या," असं ऐकून तो परत आला की दुसरा खाडा. आपण त्याला पहिल्याच दिवशी नीट यादी दिली, तर त्याची एका दिवसाची मजुरी वाचते. किंवा त्याला एक दिवस घरी झोपायला मिळतो. म्हणून मी म्हणतो, अचूक माहिती देणं म्हणजे दुसऱ्याला विश्रांती मिळवून देणं.

मग देणाऱ्याच्या विश्रांतीचं काय? आपल्याला वाटतं, काम संपलं की आराम करू. पण हे काम संपणारं नाही. आपल्याला आज मिळणारी रविवारची सुट्टीसुद्धा काम संपल्यामुळे मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 पासून आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. 24 एप्रिल 1890 रोजी सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. 10 जून 1890 ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. कापडाची मागणी त्या दिवशी संपलेली नव्हती. थांबण्याचा दिवस ठरवावा लागला.

आपल्या दीनमध्येही हेच दिसतं. जुम्याची अजान झाली की खरेदी-विक्री सोडून या, आणि नमाज झाल्यावर पुन्हा रोजी शोधायला पांगा, असं कुरआन सांगतं. गिऱ्हाईक संपल्यावर या, असं सांगत नाही. हदीसमध्ये सलमान फारसी आणि अबू दरदा यांचा प्रसंग आहे. अबू दरदा दिवसभर रोजा आणि रात्रभर इबादत यात इतके बुडालेले की घराकडे लक्ष नव्हतं. सलमान यांनी त्यांना जेवायला लावलं, झोपायला लावलं. शरीराचा आणि घरच्यांचाही आपल्यावर हक्क आहे, ही आठवण करून दिली. पैगंबरांनी सलमान यांचं म्हणणं बरोबर ठरवलं. इबादतीला जर मर्यादा आहे, तर व्हॉट्सअ‍ॅपला का नको?

तुम्ही म्हणाल, "फॉर्मची शेवटची तारीख आज रात्री आहे, मी कसा झोपू?" प्रश्न खरा आहे. मी सॉफ्टवेअरच्या कामात आहे. तिथेही यंत्रणा मध्यरात्री बंद पडते. त्यासाठी सगळे जागे राहत नाहीत. पाळी लावलेली असते. या आठवड्यात हा, पुढच्या आठवड्यात ती. ज्याची पाळी नाही, त्याने निश्चिंत झोपायचं. आणि जे काम एकाच माणसाला येतं, ते आम्ही धोक्याचं समजतो. तो आजारी पडला तर? म्हणून ते लिहून ठेवतो, दुसऱ्याला शिकवतो.

आपल्यालाही हे जमेल. पहिलं, जो प्रश्न तीनदा आला त्याचं उत्तर लिहून काढा, एका पानात, मराठीत आणि उर्दूत, आणि झेरॉक्सच्या दुकानात, मशिदीच्या फलकावर लावा. दुसरं, प्रत्येक यादीवर ती कधी तपासली ती तारीख टाका. मागच्या वर्षीचा फॉरवर्ड लोकांचा खाडा पाडतो. तिसरं, निदान तीन जणांची पाळी लावा, फोनची वेळ जाहीर करा, आणि एक दिवस पूर्ण बंद ठेवा. चौथं, लोकांना त्यांचा हक्क सांगा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिली आहे. ती टळली तर अपील करता येतं. हे कळलेला माणूस पोचपावती जपून ठेवतो आणि स्वतः विचारायला जातो. आणि कुणाचं आधारकार्ड ग्रुपवर टाकू नका, कितीही घाई असली तरी.

आणखी एक गोष्ट, खास मुलांसाठी. आपल्या गटातल्या मुली दिवसभर फॉर्म भरतात आणि घरी जाऊन भाकरीही थापतात. रविवारी पाहुणे आले की त्यांचं काम दुप्पट. पाळीच्या तक्त्यात त्यांना सुट्टी लिहून द्यायची आणि घरी त्यांच्या हातात लाटणं ठेवायचं, तर ती सुट्टी कागदावरच राहील. त्या दिवशीचा स्वयंपाक घरातल्या भावाने, नवऱ्याने करायचा, हेही तक्त्याचाच भाग समजा.

निकाल लागले की जूनमध्ये दाखल्यांची झुंबड उडते. तेव्हा पाळी ठरवायला कुणाला फुरसत नसते. मागे टेबलावर कोरा तक्ता ठेवला आहे. जाण्याआधी आपलं नाव, आपला आठवडा आणि आपली सुट्टी, तिन्ही लिहून जा. सुट्टीचा रकाना रिकामा ठेवणाऱ्याचं नाव आम्ही धरणार नाही.