हसणाऱ्याला 'नाही' म्हणता येते काय?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



नव्या यंत्राची बातमी आपल्याकडील सर्वसामान्य वाचक दोनदा वाचतो. पहिल्या वाचनात तो थक्क होतो. दुसऱ्या वाचनात त्याची नजर किमतीवर जाते आणि तो हसू लागतो. दूध संपत आल्याची वर्दी मालकाला देणारा फ्रीज निघाला आहे, असे छापून आले की चहाच्या टपरीवर कोणीतरी हमखास म्हणते, 'दूध संपले हे सांगायला आमच्या घरचे मांजर पुरेसे आहे. शिवाय त्याला वीज लागत नाही.' सगळे हसतात आणि वर्तमानपत्र भज्यांखाली जाते.

या हसण्याची विद्वज्जनांना चीड येते. त्यांच्या लेखी ते अडाणीपणाचे आणि प्रगतीच्या द्वेषाचे लक्षण होय. हे निदान घाईचे आहे. मांजराचा दाखला देणारा माणूस वस्तुतः एक आर्थिक प्रश्न विचारीत असतो : जे काम आज फुकट होते, त्यासाठी उद्या पैसे कोणी आणि का मोजावेत? हाच प्रश्न पदवीधरांच्या भाषेत विचारला की त्याला मान मिळतो. १९८७ साली अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी एका पुस्तकाच्या परीक्षणात असा टोमणा मारला होता की, संगणकाचे युग जिकडेतिकडे दिसते. दिसत नाही ते फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या त्या एका वाक्यावर पुढे पुष्कळ संशोधन झाले. टपरीवरच्या मांजरावर कोणी प्रबंध लिहिला नाही, एवढाच काय तो फरक.

तेव्हा हसणे योग्य की अयोग्य, हा आजचा प्रश्न नाही. या हसण्याला किंमत केव्हा येते आणि ते वाया केव्हा जाते, हा खरा प्रश्न आहे.

किंमत आल्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. 'ज्युसेरो' नावाच्या कंपनीने २०१६ साली घरी रस काढण्याचे एक यंत्र बाजारात आणले. किंमत ६९९ डॉलर. पुढे ती ३९९ डॉलरवर आली. चिरलेल्या फळभाज्यांची पिशवी कंपनीकडूनच विकत घ्यावयाची आणि यंत्रात ठेवावयाची. यंत्र इंटरनेटला जोडलेले. ते पिशवीवरील खूण वाचणार आणि मुदत उलटली असेल तर रस काढण्यास साफ नकार देणार. या उद्योगात सुमारे १२ कोटी डॉलरचे भांडवल ओतले गेले. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या वार्ताहरांनी ती पिशवी नुसत्या हातांनी पिळून पाहिली, तो रस जवळजवळ तेवढाच आणि तेवढ्याच वेळात निघाला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, अशी आपली म्हण आहे. येथे हातानेच यंत्राला आरसा दाखवला. जगभर हशा पिकला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात कंपनीने गाशा गुंडाळला.

हा विनोदाचा विजय झाला, असे समजण्याचे कारण नाही. हसणाऱ्याच्या खिशात पैसे होते आणि ते खिशातच ठेवण्याचे स्वातंत्र्यही होते. त्याला 'नाही' म्हणता येत होते, म्हणून त्याच्या हसण्याला वजन आले.

हसण्याची दुसरी एक जात याहून तिखट असते. ती विचारते, 'या पेटीच्या आत कोण बसले आहे?' १७७० साली व्हिएन्नाच्या दरबारात केंपेलेन नावाच्या कारागिराने बुद्धिबळ खेळणारे यंत्र सादर केले. तुर्की पोशाखातील तो पुतळा भल्याभल्यांना हरवीत असे. पेटीत एक जिवंत, निष्णात खेळाडू दडवलेला होता. यंत्र १८५४ साली आगीत जळाले. युक्ती मात्र जळाली नाही. ॲमेझॉन कंपनीने २०१८ साली सिअ‍ॅटल शहरात असे दुकान उघडले की, गिऱ्हाइकाने वस्तू उचलावी आणि सरळ चालू लागावे. हिशेब कॅमेरे करतील. एप्रिल २०२४ मध्ये कंपनीने आपल्या मोठ्या किराणा दुकानांतून ही पद्धत काढून घेण्याचे जाहीर केले. त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या वृत्तांनुसार या यंत्रणेमागे भारतात सुमारे हजार माणसे चित्रफिती तपासण्याच्या कामाला होती. ही माणसे मुख्यतः यंत्राला शिकवण्याचे काम करीत होती आणि थोड्याच खरेद्या तपासत होती, असा कंपनीचा खुलासा आहे. खुलासा खरा धरला तरी पेटीत माणूस होता, हे उरतेच. आणि अडीचशे वर्षांनंतर तो माणूस आपल्याकडचा निघाला. 'माणसाविना चालणारे दुकान' या बातमीतून प्रथम गळतो तो मजूर आणि त्याच्या मागोमाग त्याची मजुरी.

तथापि संशयालाही स्वतःचे रोग असतात, याकडे डोळेझाक करून चालणार नाही. पहिला रोग भाबडेपणाचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अशी बातमी जगभर पसरली की, दात घासण्याचे ३० लाख विद्युत-ब्रश चोरांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी एका स्विस कंपनीचे संकेतस्थळ बंद पाडले. यंत्रांची टवाळी करणाऱ्यांना ती इतकी आवडली की तिची शहानिशा कोणी करीना. अखेर तज्ज्ञांनी दाखवून दिले की असले ब्रश सहसा थेट इंटरनेटला जोडलेलेच नसतात. मग ज्या सुरक्षा-कंपनीच्या हवाल्याने मूळ स्विस वृत्तपत्राने बातमी दिली होती, तिने खुलासा केला की ते केवळ कल्पित उदाहरण होते. वृत्तपत्राचे म्हणणे असे की ते खरे म्हणूनच सांगितले गेले होते. आपल्याकडे नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत 'चिप' असून १२० मीटर खोल पुरलेली नोटही उपग्रहाला सापडेल, अशी वार्ता दूरचित्रवाणीवर गाजली. रिझर्व्ह बँकेने तिचा इन्कार केला. पुढे मे २०२३ मध्ये ती नोट चलनातून मागे घेताना लोकांनी नोटा बँकेत आणून द्याव्यात, अशी विनंती त्याच रिझर्व्ह बँकेला करावी लागली. चिप असती तर बँकेची माणसे कुदळ-फावडे घेऊन नेमक्या जागी पोचली असती!

दुसरा रोग सरसकट नकाराचा. १९८५ साली दिल्लीत रेल्वेचे आरक्षण संगणकावर होऊ लागले, तेव्हा एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर हेलपाटे घालणाऱ्या प्रवाशाचा जाच कमी होण्याची वाट मोकळी झाली. भाजीवाली मोबाइलवर पैसे घेणार, ही कल्पनाही नोटाबंदीच्या दिवसांत थट्टेचा विषय होती. २०१६ सालीच सुरू झालेल्या यूपीआयने ती थट्टा खोटी पाडली. परंतु ती का खोटी पडली, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने नीट पाहावे. यंत्रणा सार्वजनिक स्वरूपाची होती. व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेऊ नये, असा नियम जानेवारी २०२० पासून लागू झाला. आणि मुख्य म्हणजे भाजीवालीच्या गल्ल्यात रोख पैसे घेण्याची वाट खुली राहिली. ज्या यंत्राला 'नाही' म्हणता येते, त्याला लोक पुष्कळदा आपण होऊन 'हो' म्हणतात.

आता ज्या ठिकाणी 'नाही' म्हणताच येत नाही, तेथे वळू या.

निरक्षर माणसाला 'अंगठाबहाद्दर' म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीत होती. अंगठ्याच्या जागी सही यावी म्हणून साक्षरतेच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव रात्रीचे वर्ग चालवले. सही आली. मग रेशन दुकानात ई-पॉस यंत्र आले आणि म्हणाले, सही नको, अंगठा लाव. पदवीधर आणि निरक्षर यांना एका पंगतीला बसवण्याचे जे काम समाजवाद्यांना इतक्या वर्षांत साधले नाही, ते एका चिमुकल्या डबीने साधले, असा विनोद यावर सहज सुचतो.

परंतु अंगठे सर्वांचे सारखे नसतात. ऊस तोडून, विटा वाहून, सिमेंट कालवून आणि जन्मभर भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजतात. म्हातारपणी त्या आणखी पुसट होतात. लेखणी चालवणाऱ्याचा अंगठा यंत्राला चटकन वाचता येतो. ऊसतोड मजुराच्या अंगठ्यापाशी ते अडखळते. ज्या हातावर कष्टाची खूण आहे, तोच हात यंत्राच्या लेखी अनोळखी ठरतो. त्यात दुसरे संकट 'सर्व्हर डाऊन'चे. पूर्वी दुकानदार 'माल आला नाही' असे म्हणे, तेव्हा त्याच्याशी भांडता येत असे, त्याची तक्रार तहसीलदाराकडे नेता येत असे. सर्व्हरचे गाव कोणते, हे दुकानदारालाही ठाऊक नसते. त्याच्यावर मोर्चा न्यावा तरी कोठे?

सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. आधारशी जोडणी नसल्याने कुटुंबाचे रेशनकार्ड रद्द झाले होते, काही महिने धान्य मिळाले नव्हते आणि ती भुकेने गेली, असे तिच्या आईचे व अन्न अधिकारासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांचे म्हणणे होते. मृत्यू मलेरियाने झाला, असे प्रशासनाने सांगितले. मृत्यूच्या कारणाचा वाद एकवेळ बाजूला ठेवला, तरी घरातले रेशन बंद होते, ही गोष्ट शिल्लक राहते. दुधाची वर्दी देणाऱ्या फ्रीजवर हसणारा माणूस येथे हसू शकत नाही.

रोजगार हमीच्या मस्टरची कथाही याच वळणाची आहे. मस्टरवरील खोटी नावे हा जुना रोग आणि त्यावर इलाज हवा होता, यात वाद नाही. केंद्रीय योजनेत २०२१ साली मोबाइलवरील हजेरीची पद्धत आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सक्तीची झाली. मजुरांचे फोटो दिवसातून दोनदा कामाच्या जागेवरून चढवावयाचे होते. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावे लागले की, काही ठिकाणी कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात आणि काही ठिकाणी फोटोचाच फोटो काढला जातो. लबाडाने फोटोचा फोटो काढून वेळ मारून नेली. नेटवर्क नसलेल्या माळरानावर खरोखर घाम गाळणाऱ्या बाईची हजेरी मात्र लटकली. ज्याला पकडावयाचे तो निसटला आणि जिच्यासाठी योजना होती ती अडकली, यासारखा काळा विनोद कोणत्याही प्रहसनात सापडणार नाही.

या दोन प्रकारांतील भेद ध्यानी घेतला पाहिजे. ज्युसेरोचे गिऱ्हाईक हसले आणि कंपनी बुडाली, कारण बाजारात गिऱ्हाइकाचा नकार पैशाच्या रूपाने मोजला जातो. रेशनच्या रांगेतील बाई गिऱ्हाईक नसून हक्कदार आहे. यंत्र नापसंत म्हणून ती दुसऱ्या सरकारकडून धान्य आणू शकत नाही. तिचा नकार कोणत्याही खातेवहीत उमटत नाही. उमटते ती फक्त तिची गैरहजेरी, आणि त्या गैरहजेरीचा अर्थ 'बोगस लाभार्थी घटले, सरकारी पैसा वाचला' असा लावला जाण्याचा धोका असतो. जेथे एकेकट्याला 'नाही' म्हणता येत नाही, तेथे ते संघटितपणे म्हणावे लागते.

हे पूर्वी केले गेलेले आहे. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ घातले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी विरोध केला आणि त्यांना काळाचे शत्रू म्हणून हिणवण्यात आले. परंतु त्या वादातून स्वयंचलित यंत्रांचा विचार करण्यासाठी शासनाला समिती नेमावी लागली. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर हे तिचे अध्यक्ष होते आणि १९७२ साली तिचा अहवाल आला. १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी व्यवस्थापनाशी करार केला. यंत्रे कोठे व किती बसवावीत आणि ती चालवणाऱ्यास काय मिळावे, हे त्यात वाटाघाटीने ठरले. संगणक पुढे आलेच, आणि बहुतेक ठिकाणी ते यावयास हवेच होते. पण येताना त्यांना दारात थांबून काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली. सिमडेगाच्या घटनेनंतरही असेच घडले. देशभर आवाज उठला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना कळवले की, केवळ आधार नाही म्हणून कोणाचे नाव कमी करू नये आणि अंगठा जुळला नाही तरी धान्य देऊन वेगळ्या नोंदवहीत तशी नोंद करावी.

म्हणून कार्यकर्त्याने कोणत्याही नव्या यंत्राच्या बातमीला तीन प्रश्न विचारावेत. या यंत्रामुळे श्रम कोणाचे वाचले? ते अडले तर खोळंबणार कोण? आणि ज्याला ते नको आहे, किंवा ज्याला ते ओळखीत नाही, त्याच्यासाठी दुसरी वाट ठेवली आहे काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीत मिळते. दुसऱ्याचे रांगेत उभे राहिल्यावर मिळते. तिसऱ्याचे उत्तर मागितल्याशिवाय मिळत नाही.

ते मागण्याची रीत साधी आहे. महिनाभर आपल्या वस्तीतील रेशन दुकानापाशी बसावे. अंगठा न लागल्याने किंवा सर्व्हर बंद असल्याने जे रिकाम्या पिशवीने परतले, त्यांची नावे, तारीख आणि फेऱ्यांची संख्या वहीत लिहून घ्यावी. मग दुकानदाराकडे ती वेगळी नोंदवही पाहावयास मागावी. ती नसेल किंवा कोरी असेल, तर आपली वही तालुक्याच्या पुरवठा अधिकाऱ्यापुढे ठेवावी आणि पोच घ्यावी. त्या वहीत एकही विनोद नसेल, पण तिला उत्तर द्यावे लागेल.