गळ आणि झिलई : ऐंशीच्या दशकातील रॉक संगीताविषयी

(अकादमीच्या वार्षिक सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीच्या व्यासपीठावर इंग्रजी रॉक संगीत कशाला, असे कार्यक्रमपत्रिका पाहून दोघातिघांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शेवटी देण्याचा प्रयत्न करतो.

१९८८ साली मी इंदूरला महाविद्यालयात होतो. एका मित्राकडून भरून घेतलेली कॅसेट घरी सारखी वाजत असे. डेफ लेपर्ड या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘हिस्टेरिया’. माझे काका भजनी मंडळात पेटीची साथ करीत. एका संध्याकाळी ते दारात उभे राहून पूर्ण गाणे ऐकत राहिले आणि म्हणाले, “सगळं छान आहे रे, पण यात माणूस कुठे बसलाय?” मला उत्तर देता आले नाही. आजचे भाषण म्हणजे त्यांना उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी दोन शब्द स्पष्ट करतो. गाण्यातला जो तुकडा एकदा ऐकून मनात रुततो, त्याला इंग्रजीत हुक म्हणतात. आपल्याकडे ध्रुवपद आहे, मुखडा आहे, आणि कंटाळा आला की त्यालाच आपण पालुपद म्हणतो. मला मात्र ‘गळ’ हा शब्द जवळचा वाटतो. मासा ज्याला लागतो तो गळ, आणि आग्रह करतो तेव्हा घालतो तोही गळच. दुसरा शब्द झिलई. मुद्रण इतके घासूनपुसून करायचे की कुठे ओरखडा दिसू नये.

ही झिलई त्या दशकात कशी आली? ध्वनिमुद्रणाची यंत्रे बदलली, १९८१ मध्ये अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले, पुढच्या वर्षी सीडी बाजारात आली. ढोलाचा आवाजसुद्धा घडवता येऊ लागला. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८०च्या ध्वनिमुद्रिकेसाठी ह्यू पॅडगॅम या तंत्रज्ञाने फिल कॉलिन्स यांचे ड्रम असे मुद्रित केले की घाव मोठ्या दालनात घुमल्यासारखा वाटतो, पण घुमारा एकदम कापल्यासारखा थांबतो. खऱ्या दालनात असे कधी होत नाही. पुढे दशकभर हा आवाज सर्वत्र ऐकू आला.

‘हिस्टेरिया’ हे या पद्धतीचे टोक होय. ही मुले शेफील्डची, म्हणजे पोलादाच्या गावची. निर्माता रॉबर्ट जॉन ‘मट’ लँग. मायकेल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’प्रमाणे प्रत्येक गाणे स्वतंत्रपणे गाजावे अशी रॉकची ध्वनिमुद्रिका करायची, हा त्याचा ध्यास. गिटारचे आवाज थरावर थर देऊन रचले. मागच्या कोरसमध्ये मोजकेच गळे, त्यांत स्वतः लँगचा एक, पण ते इतक्या वेळा एकावर एक मुद्रित केले की मोठा जमाव गातो आहे असे वाटावे. काम जवळजवळ संपले असताना गायक जो एलियट सुटीच्या क्षणी गिटारवर काही गुणगुणत बसला होता. लँगने ते ऐकले आणि त्यातला गळ तत्काळ ओळखला. ‘पोअर सम शुगर ऑन मी’ हे गाणे असे अगदी शेवटी आत आले, आणि त्यानेच ध्वनिमुद्रिकेचे नशीब पालटले. ऑगस्ट १९८७ मध्ये निघालेली ‘हिस्टेरिया’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचली ती जुलै १९८८ मध्ये.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. या वृंदाचा ड्रमवादक रिक ॲलन. ३१ डिसेंबर १९८४ रोजी मोटार अपघातात त्याचा डावा हात गेला. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. सोबत्यांनी त्याच्या जागी दुसरा वादक घेतला नाही. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक ड्रमसंच तयार झाला. डाव्या हाताचे घाव आता डावा पाय पेडलवरून देणार होता. सगळे हातपाय नव्याने शिकवावे लागले. ऑगस्ट १९८६ मध्ये कॅसल डॉनिंग्टनच्या महोत्सवात तो हजारो लोकांसमोर वाजवायला बसला.

ज्या यंत्राला आपण निर्जीव म्हणून हिणवतो, त्याच यंत्राने त्याला त्याची जागा परत दिली. काका, माणूस तिथे बसला होता. झिलईमुळे तो दिसत नव्हता, एवढेच.

पण काकांची शंका खोटी ठरवून मला मोकळे होता येत नाही. दुसरे उदाहरण पाहा. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांनी १९८२ मध्ये घरी साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर काही गाणी भरली. वृंदासह ती पुन्हा करून पाहिली, तर त्यांतला जीव जातो असे वाटले. म्हणून मूळ कॅसेटवरचीच ‘नेब्रास्का’ प्रसिद्ध झाली. त्याच कॅसेटवरचे एक गाणे मात्र मागे राहिले. १९८४ मध्ये ते दणदणीत ड्रम आणि झगमगीत सिंथेसायझर घेऊन आले : ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. व्हिएतनामहून परतलेल्या, काम न मिळणाऱ्या सैनिकाची ती व्यथा. गळ इतका जबर की लोक मुठी उंचावून नुसते ध्रुवपद गाऊ लागले आणि कडवी ऐकायची राहून गेली. त्याच वर्षी निवडणुकीच्या प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी न्यू जर्सीत या गायकाच्या गाण्यांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. गळाला मासा लागला, पण व्यथा पाण्यातच राहिली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. महाराष्ट्राबाहेर मराठी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना झिलईचा अनुभव वेगळा आहे. माझा पहिला लेख काकांवर होता. संपादकांनी तो छापला, पण त्यातले हिंदी वळणाचे, आमच्या घरचे सगळे शब्द काढून प्रमाण शब्द घातले. लेख गुळगुळीत झाला. मला आनंदही झाला. तो अंक काकांना वाचून दाखवला, तेव्हा ते हसून म्हणाले, “छान आहे. हे गृहस्थ कोण?”

प्रमाणभाषा नको, असे मी म्हणत नाही. तिच्यामुळेच गोव्यातला, बेळगावचा आणि बडोद्याचा वाचक माझे वाचू शकतो. रिक ॲलनच्या पेडलसारखी ती आपल्याला एकमेकांपर्यंत पोहोचवते. माझे मागणे इतकेच आहे : शब्द बदलण्यापूर्वी लिहिणाऱ्याने आणि संपादकानेही एकदा दारात उभे राहून पूर्ण मजकूर ऐकावा, आणि काकांचा प्रश्न स्वतःला विचारावा.